जुना केडब्ल्यूएम-२ चालू केला की एमसीबी पडतो: इनरश कसा आवरायचा?

पेठेतला_हॅम

मंडळी, ७३ (हॅम मंडळींचा नमस्कार).

एका ज्येष्ठ ओएमचा (म्हणजे हॅम मित्राचा) केडब्ल्यूएम-२, कॉलिन्स कंपनीचा वाल्व्हवाला ट्रान्सीव्हर, त्यांच्या पश्चात घरच्यांनी माझ्याकडे दिलाय, सोबत त्याला वीज पुरवणारा ५१६एफ-२ सप्लाय. पंखवाला बिल्ला, सप्लायचा रंग जरा उडालेला, पण आतून सेट बघत बसावा असा. कॉलिन्सने हे मॉडेल १९५९ मधे काढलं, आणि आतली वायरिंग इतकी नेटकी आहे की सोल्डरिंग गन जवळ न्यायला जीव होत नाही.

अडचण अशी. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू चढवला की काही कुरबूर नाही. थेट प्लगला लावून ऑन केला की ट्रान्सफॉर्मर एकदा 'भुंम्' करतो, खोलीतला दिवा मिचकतो आणि मधूनच शॅकचा (रेडिओच्या खोलीचा) एमसीबी पडतो. चालू करतानाचा हा करंटचा झटका म्हणजेच इनरश. दर वेळी नाही, हेच कोडं आहे. एमसीबी ६ अँपिअरचा, बी टाइप. चालू सेट क्लॅम्प मीटरवर रिसीव्हला १ अँपिअरच्या आत आणि ट्रान्समिटला दीडच्या आसपास दाखवतो. म्हणजे ओव्हरलोड नाही.

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने '१०डी-११' छापलेली एनटीसी (तापली की रेझिस्टन्स कमी होणारा रेझिस्टर) हातावर ठेवली. "एसएमपीएसमधे हीच असते, डोळे झाकून लावा." डोळे झाकण्याआधी इथे विचारतोय.

दुसरी काळजी स्विचची. या सेटचा ऑन-ऑफ पुढच्या पॅनेलवरच्या फिरत्या स्विचवर आहे: ऑफ, ऑन, एनबी, कॅल. सप्लायमधून मेन्स केबलने सेटमधे येतात, स्विचमधून परत जातात. रोजचा तो झटका त्या कॉन्टॅक्टवरूनच जाणार. स्विच गेला तर आणायचा कुठून?

बिनतारी_संदेश

१६ चा एमसीबी टाका, विषय संपला.

फ्यूजवायर

@बिनतारी, अहो, एमसीबी भिंतीतली वायर वाचवायला असतो, रेडिओचे लाड पुरवायला नाही. लायटिंगच्या बारीक वायरवर १६ चा टाकला तर ट्रान्सफॉर्मर शॉर्ट झाल्यावर आधी वायर तापेल.

बी टाइपचा ६ अँपिअरवाला १८ ते ३० अँपिअरच्या झटक्याला लगेच सुटतो. सी टाइप ३० ते ६० ला. ६ चाच पण सी टाइप लावणं गैर नाही, ट्रान्सफॉर्मरवाल्या लोडला तोच लावतात. पण त्याने फक्त एमसीबी शांत बसेल, झटका तसाच राहील, आणि धागाकर्त्याच्या स्विचचे कॉन्टॅक्ट पूर्वीइतकेच जळत राहतील.

सोल्डरचा_धूर

थोडं सविस्तर लिहितो, कारण 'इनरश' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि त्यांचे उपाय एकसारखे नाहीत.

पहिली, ट्रान्सफॉर्मरचा गाभा. चालू ट्रान्सफॉर्मरमधे फ्लक्स उणे टोकापासून अधिक टोकापर्यंत हेलकावे खातो. स्विच नेमका व्होल्टेज शून्यावर असताना लागला तर फ्लक्स उणे टोकाऐवजी शून्यापासून सुरू होतो आणि त्या अर्ध्या सायकलमधे नेहमीच्या टोकाच्या दुप्पट जाऊ बघतो. त्यात मागच्या वेळी बंद करताना गाभ्यात उरलेला चुंबकपणा त्याच दिशेचा निघाला तर अजून भर. गाभा सॅच्युरेट होतो (आणखी फ्लक्स पेलत नाही) आणि प्रायमरी म्हणजे नुसती तांब्याची तार उरते. स्विच व्होल्टेजच्या शिखरावर लागला तर यातलं जवळपास काहीच होत नाही. तुमचा एमसीबी कधी पडतो, कधी नाही, याचं उत्तर हे. सायकलच्या कुठल्या क्षणी तुमचं बोट फिरलं, त्यावर सगळं.

दुसरी, फिल्टर कॅपॅसिटर. रिकामा कॅपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टच असतो. डायोडनंतर थेट कॅपॅसिटर असेल तर हा झटका जबर. मधे चोक (करंटचा झटका अडवणारी कॉइल) असेल तर चोक तो बराचसा पचवतो.

तिसरी, वाल्व्हचे हीटर आणि फिलामेंट. टंगस्टनचा गार रेझिस्टन्स गरम असतानाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. हा करंट मिलिसेकंदांत नाही, काही सेकंदांत उतरतो.

भुंम् आणि एमसीबी हे पहिल्याचं काम आहे. आणि आपल्याकडे ते जरा जास्तच होतं, कारण रात्री लाइन २४५ च्या पुढे गेली की तेवढा फ्लक्स आधीच वाढलेला असतो. फक्त ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला तर आणखी २० टक्के. ५१६एफ-२ ला दोन्ही फ्रिक्वेन्सी चालतात, ११५ आणि २३० दोन्ही जोडण्याही आहेत, त्यामुळे तुम्ही त्या बाबतीत सुखी. जोडणी २३० ची आहे ना, एवढं मात्र डोळ्यांनी बघा.

आता १०डी-११. गार असताना १० ओहम. २३० चं शिखर ३२५ व्होल्ट. गाभा पूर्ण सॅच्युरेट झाला, प्रायमरीचा रेझिस्टन्स शून्य धरला, तरी करंट ३२५ भागिले १० म्हणजे ३२ अँपिअर. तुमचा बी टाइप तरीही पडू शकतो. तेच ४७ ओहमची लावली तर जास्तीत जास्त ७ अँपिअर. एवढा साधा भागाकार दुकानदाराने केला असता तर बरं झालं असतं.

लॅमिंग्टनचा_वारकरी

+१. लॅमिंग्टन रोडला ४७डी-१५ मिळते, ३ अँपिअरची. अमेरिकन सर्किटांत याच कामाला सीएल-८० लिहिलेली दिसेल, तीही ४७ ओहम आणि ३ अँपिअर. सीएल-९० म्हणजे १२० ओहम, २ अँपिअर. सीएल-६० म्हणजे १० ओहम, ५ अँपिअर. तिकडच्या ११५ व्होल्टसाठी सुचवलेला नंबर इकडे जसाच्या तसा उचलू नका: त्याच वॅटेजला आपल्याकडे करंट निम्मा, शिखर दुप्पट.

काळा_बॅकेलाइट

एवढा खटाटोप कशाला? झीरो-क्रॉसिंगवाला सॉलिड स्टेट रिले लावा. व्होल्टेज शून्य असताना चालू होणार, म्हणजे झटका शून्य.

सोल्डरचा_धूर

@काळा_बॅकेलाइट, वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा राव. शून्यावर चालू होणं हीच ट्रान्सफॉर्मरसाठी सगळ्यात वाईट वेळ. असा रिले हीटरच्या शेगडीला उत्तम, इथे मात्र कधीमधी पडणारा एमसीबी नेमाने पाडेल.

काळा_बॅकेलाइट

ओके, ही बाजू लक्षात नव्हती आली. मग सिरीज बल्ब? आमच्या वर्कशॉपमधे दुरुस्तीला आलेला प्रत्येक सेट आधी १०० वॅटच्या पिवळ्या बल्बवरच जातो.

सोल्डरचा_धूर

जातोच, आणि गेलाच पाहिजे. पण बल्ब नेमका एनटीसीच्या उलट वागतो. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम, गार असताना चाळीसच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला थोडं अडवतो आणि मग सेट जास्त ओढू लागला की गळाच धरतो. शॉर्ट पकडायला याहून स्वस्त आणि भरवशाचं साधन नाही. रोजच्या वापराला मात्र बल्ब लावून सेट पूर्ण व्होल्टेजवर येणारच नाही. एनटीसी आधी अडवते, तापली की एखाद-दोन ओहमवर येऊन बाजूला होते.

सांगलीची_ताई

माझ्या प्रश्नाला जागा आहे का इथे? माझ्याकडे हॅलिक्राफ्टर्स एस-३८ हा जुना अमेरिकन रिसीव्हर आहे, ११७ व्होल्टचा. स्टेप-डाउनवरून चालवते. चालू करताना पायलट लॅम्प भपकन पेटतो, मग मंदावतो. सीएल-९० आहे घरात. लावू का?

सोल्डरचा_धूर

ताई, आधी जिवाचं बघू. एस-३८ मधे पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही. तो एसी-डीसी सेट, सगळ्या वाल्व्हचे हीटर एकामागे एक सिरीजमधे, आणि मेन्सची एक बाजू चेसिसच्या नात्यातली. बाजारातले बरेच स्टेप-डाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे मेन्सपासून सुटका नाहीच. वेगळ्या वाइंडिंगचा, २३० ते ११५ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. तोपर्यंत नॉबचा स्क्रूही उघडा ठेवू नका, तोही चेसिसशी जोडलेला असू शकतो.

एनटीसीबद्दल: तुमच्या हीटरच्या माळेचा करंट १५० मिलिअँपिअर. सीएल-९० ला नीट तापायला याच्या कितीतरी पट करंट लागतो. ती अर्धवट कोमट राहील आणि काही व्होल्ट कायमचे खाईल. तुमचा स्टेप-डाउन १२० च्या वर देत असेल तर ते खाणं पथ्यावरच पडेल, भपकाही कमी होईल. एरवी कमी करंटची घ्या. नियम सोपा आहे: सेटचा चालू करंट एनटीसीच्या रेटिंगच्या निम्म्याच्या आसपास असावा. फार कमी असेल तर ती तापत नाही, रेटिंगला टेकला तर भाजत राहते.

आणि स्टेप-डाउन स्वतःच भुंम् करत असेल तर त्याची वेगळी एनटीसी त्याच्या २३० च्या बाजूला.

सांगलीची_ताई

बाप रे, चेसिसचं माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात मिस्त्री त्यालाच हात टेकून उभा होता. धन्यवाद, सेट प्लगमधून काढून ठेवला.

जर्सीकर

न्यू जर्सीहून हजेरी. माझा अनुभव लिनिअरचा (ट्रान्समिटची ताकद वाढवणारा अँप्लिफायर) आहे, हीथकिटचा एसबी-२२०, आत दोन ३-५००झेड वाल्व्ह. तिथे एनटीसीच्या भानगडीत पडू नका.

हिशोब बघा. आत २०० मायक्रोफॅरडचे ८ कॅपॅसिटर सिरीजमधे, म्हणजे २५ मायक्रोफॅरड, आणि एसएसबीला (बोलण्याच्या मोडमधे) ३००० व्होल्टच्या आसपास. साठलेली ऊर्जा, अर्धा सीव्ही स्क्वेअर केला की ११२ ज्यूल. प्रत्येक एनटीसीला किती ज्यूल सोसायचे याची मर्यादा असते आणि छोट्यांची ती याच्या बरीच खाली. त्यात प्रत्येक वाल्व्हचं फिलामेंट ५ व्होल्टला साडेचौदा अँपिअर मागतं. शिवाय लिनिअरचा लोड आपल्या बोलण्याबरोबर वर-खाली होतो. शब्दाशब्दाला बदलणारा रेझिस्टन्स मेन्सच्या वाटेत कोणाला हवाय?

तिथे स्टेप-स्टार्ट, म्हणजे दोन टप्प्यांत चालू करणं. मेन्सच्या एका तारेत २५ ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, त्याच्या दोन टोकांवर रिलेचा कॉन्टॅक्ट. खुबी कॉइल कुठे जोडायची यात आहे. टायमर नको. कॉइल रेझिस्टरच्या पलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर जोडा. कॅपॅसिटर भरत आले की प्रायमरीवरचं व्होल्टेज वर येतं, रिले आपणहून ओढतो आणि रेझिस्टर वाटेतून जातो. अर्ध्या सेकंदाच्या आत खेळ आटपतो. आत कुठे शॉर्ट असेल तर प्रायमरीचं व्होल्टेज वर येतच नाही, रिले ओढत नाही, आणि सगळा ताप तो रेझिस्टर सोसतो. टायमरवाला रिले मात्र सेकंद झाला की शॉर्टवर खुशाल पूर्ण मेन्स सोडतो. रेझिस्टरच्या अंगाला थर्मल फ्यूज बांधला तर सोन्याहून पिवळं.

फ्यूजवायर

ही कॉइलची युक्ती लिहून ठेवण्यासारखी आहे. वाचनखूण साठवली.

जसाच्या_तसा

मी विरोधी सूर लावतो. साठ वर्षं हा सेट कुठल्याही एनटीसीशिवाय चालला. कॉलिन्सच्या इंजिनिअरांना इनरश कळत नव्हता का? जुन्या सेटमधे नवा पार्ट घुसवला की तो जुना सेट राहत नाही. डिमरस्टॅट आहे ना? मग रोज हाताने चढवा.

लॅमिंग्टनचा_वारकरी

रोज डिमरस्टॅटने चढवणं ऐकायला छान वाटतं. पण १४० व्होल्टवर रेंगाळत ठेवला तर हीटर अर्धे गरम आणि प्लेटला व्होल्टेज आलेलं, ते वाल्व्हना मानवत नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सेटचे इलेक्ट्रोलिटिक जागे करायला डिमरस्टॅट हवाच. एकदा ते गळती सोडून शांत झाले की झालं.

आणि सेटला हात लावायला सांगतंय कोण? बाहेर डबा करा: प्लग, फ्यूज, एनटीसी, सॉकेट. सेट विकायचा झाला तर डबा घरी ठेवा.

जसाच्या_तसा

बाहेरच्या डब्याला आमची हरकत नाही. :)

सोल्डरचा_धूर

@जसाच्या_तसा यांच्या बोलण्यात एक धागा खरा आहे. मूळ ५१६एफ-२ मधे ५आर४ आणि ५यू४ हे रेक्टिफायर वाल्व्ह होते. त्यांचं फिलामेंट तापायला दोन-तीन सेकंद जातात आणि प्लेट व्होल्टेज तेवढं हळू चढतं. कंपनीने इनरश विसरला नव्हता, वाल्व्ह ते काम थोडंफार आपणहून करत होते.

@पेठेतला_हॅम, सप्लायचं झाकण काढून सांगा, तिथे काचेचे वाल्व्ह आहेत की वाल्व्हच्या बेसवर बसवलेले डायोड?

पेठेतला_हॅम

डायोड! दोन्ही जागी काळे ठोकळे आहेत, ऑक्टल बेसवर. मला वाटलं मूळचेच असतील. एका पिशवीत ५आर४ मात्र आहे, काचेवरची अक्षरं पुसट.

सोल्डरचा_धूर

वाटलंच. हे ठोकळे लावायची टूम जुनीच आहे: उष्णता कमी, ट्रान्सफॉर्मरवरचा फिलामेंटचा भार कमी (५आर४ चे २ अँपिअर, ५यू४ चे ३, दोन्ही ५ व्होल्टला), म्हणजे फायदा आहे. पण बदल्यात दोन गोष्टी होतात. वाल्व्हमधे पडणारे पन्नासेक व्होल्ट आता पडत नाहीत, त्यामुळे प्लेटची ८०० व्होल्टची लाइन वर सरकते. आणि ती क्षणात येते. ६१४६ चे (ट्रान्समिटच्या शेवटच्या वाल्व्हचे) कॅथोड तेव्हा गार असतात, कोणी करंट घेत नाही, म्हणून पहिली दहा-पंधरा सेकंदं बिनलोडचं व्होल्टेज सगळं फिल्टर कॅपॅसिटरांच्या माथी. जुन्या कॅपॅसिटरांना ते पेलतं का, हे त्यांच्यावरचं रेटिंग वाचून आणि मीटर लावून ठरवा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर वाल्व्ह परत बसवल्याने हा प्रश्न अर्धाच सुटतो. ५आर४ दोन-तीन सेकंदांत तयार होतो, ६१४६ ना त्याहून वेळ लागतो. म्हणजे बिनलोडचा काळ थोडा उरतोच. आणि तुमचा एमसीबी गाभ्यामुळे पडतोय, त्याला रेक्टिफायर कुठलाही असला तरी फरक पडत नाही. एनटीसी दोन्ही वेळेला हवीच.

फ्यूजवायर

डबा करताना दोन सूचना. एनटीसी फेजमधे, फ्यूजच्या नंतर. न्यूट्रल अखंड ठेवा. आणि तिचे पाय लांब ठेवा, सिरॅमिकच्या पट्टीवर बसवा. चालू असताना ती दीडशे अंशांच्या पुढे जाते, पीव्हीसीच्या वायरला टेकली तर वितळवते.

तीन पिनी प्लग आणि अर्थ आहे ना? जुन्या अमेरिकन सेटांत मेन्सपासून चेसिसला कॅपॅसिटर असतात. कागदी, जुने, कधी गळतील याचा नेम नाही. ते काढून वाय क्लासचे (मेन्स ते चेसिस याच जागेसाठी बनवलेले सुरक्षित) लावा. यात तरी मूळपणाचा हट्ट नको.

नाशिकचा_अँटेना

एक शंका. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि दोन सेकंदांत परत येते. तेव्हा एनटीसी गरमच असणार ना?

लॅमिंग्टनचा_वारकरी

असणार, आणि तेव्हा ती निकामी. गार व्हायला मिनिटभर तरी हवं, मोठी असेल तर जास्त. वर परत येणारी वीज कधीकधी फुगलेली येते.

उपाय शेतातल्या पंपाच्या स्टार्टरसारखा. डब्यात रिले असा लावा की हिरवं बटण दाबलं की ओढतो आणि स्वतःच्याच कॉन्टॅक्टवरून धरून राहतो. वीज गेली की सुटतो, आली तरी सुटलेलाच राहतो. तुम्ही चहा घेऊन या, एनटीसी गार होते, मग बटण दाबा. यात पुढच्या पॅनेलच्या स्विचचा प्रश्नही सुटतो: तो कायम ऑनवर ठेवायचा, जोडणं-तोडणं सगळं डब्यातला रिले करणार.

जर्सीकर

बंद करतानाची ठिणगीही त्या रिलेकडेच जाईल. कॉन्टॅक्टवर एक्स क्लासचा (मेन्सवर लावायचा) ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमधे टाका, रिले जास्त टिकेल.

पेठेतला_हॅम

उशिराने अपडेट.

डबा झाला. प्लग, ३ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, हिरवं-लाल बटण, स्वतःला धरणारा रिले, ४७डी-१५, सॉकेट. एनटीसी सिरॅमिकच्या पट्टीवर, डब्याला वर-खाली भोकं.

भुंम् गेलं. कान ट्रान्सफॉर्मरला लावला तर हलकी घरघर उठते आणि विरते, बस. दिवा मिचकत नाही. बी टाइपचा तोच एमसीबी मुद्दाम बदलला नाही, तो अजून एकदाही पडलेला नाही. एनटीसीच्या दोन टोकांवर रिसीव्हला पाच-सहा व्होल्ट पडतात आणि ट्रान्समिट दाबलं की अजून कमी होतात, कारण ती आणखी तापते. रात्री आमची लाइन २४३ वगैरे असते, त्यामुळे हे पाच व्होल्ट गेलेले मला हवेच होते. हीटरवर ६.५ मिळाले, आधी ६.७ च्या पुढे होते.

५आर४ टेस्टरवर चांगला निघाला, परत बसवला. ५यू४ च्या जागी सध्या डायोडचा ठोकळाच आहे, पण त्या लाइनचं व्होल्टेज कॅपॅसिटरच्या रेटिंगच्या आत आहे हे गार सेट चालू करून बघितलं. मेन्सचे कागदी कॅपॅसिटर काढले. त्यातला एक मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) चक्क लाखभर ओहम दाखवत होता, म्हणजे गळका.

जसाच्या_तसा

काढलेले कॅपॅसिटर टाकू नका. आतलं काढून नवे त्याच खोक्यात बसवता येतात.

पेठेतला_हॅम

ठेवलेत. ५यू४ कोणाकडे जादाचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडे बदल्यात ६१४६ ची एक जोडी आहे.